समुद्राने झाडून ठेवलेली जागा

तीर्थस्वरूप सौ. ताईच्या पायांवर धाकट्याचा साष्टांग नमस्कार. भाऊजींना वेगळा नमस्कार. तो तू नेहमीप्रमाणे आपल्याच वाट्यात ओढून घेऊ नयेस. तुझं पित्त, भाऊजींची झोप आणि आमच्या हिचं रोज दुपारी तुमच्याकडे येऊन ठाण मांडणं, सगळं यथास्थित चालू असेल अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. डाव्या कानात थोडी वाळू आहे, ती मान वाकडी केली की पडते. सर्दी आहे. कमरेत उसण भरली आहे, आणि पायाच्या अंगठ्यावर मेखा ठोकायच्या मोगरीचा घाव बसला आहे (मोगरी माझीच, मारणाराही मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार). पण ताई, ही सगळी आनंदाची दुखणी आहेत. ती कशी झाली ते सविस्तर सांगतो. तू जरा टेकून बस.

तू म्हणशील, घरोघरी फोन असताना याला पत्र लिहायची कुठली हौस. तर फोनवर पोरीचं नाव निघालं रे निघालं की तू "दूध उतू जातंय" म्हणून फोन भाऊजींच्या हातात देतेस. गेले कित्येक महिने तुमच्या घरी सकाळ-संध्याकाळ इतकं दूध उतू जातंय, की एव्हाना तुमच्या जिन्यावरून त्याचे पाट वाहायला हवे होते. आणि भाऊजी काय, "हं, हं, बरं" म्हणतात आणि ठेवतात. पत्राचं तसं नाही. पत्र तू रागाने फडताळावर फेकशील, आणि भाऊजी आंघोळीला गेले की काढून वाचशील. मी काय तुला आजच ओळखतो?

तू मला इतक्या लांब का पाठवलंस हे मी विसरलेलो नाही. तुझ्या लेकीने परक्या देशात, परक्या माणसाशी लग्न ठरवलं. आणि वर आधी ठरवलं, मग सांगितलं. तू तिच्याशी बोलणं टाकलंस आणि मला समोर बसवून म्हणालीस, "तू जा. मुलगा बघ, माणसं बघ. कुठे ना कुठे खोट असणारच. ती हुडकून काढ आणि तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळा हो. तुझी नजर पक्की आहे." नजर पक्की आहे यात वादच नाही. उभा जन्म मांडव घालण्यात गेला. कुठला बांबू आतून पोखरलाय हे मी नुसत्या टिचकीच्या आवाजावरून सांगतो. ज्या घरी मांडव घालतो त्या घरचं लग्न धड चालेल की नाही, हेही मला खड्डे खणतानाच कळतं (हे मात्र कुणापुढे बोलत नाही, पुढचं काम कोण देईल?). तेव्हा मी नकार खिशात घालूनच विमानात बसलो होतो. फक्त तो बाहेर काढायला एखादी खोट सापडायची बाकी होती.

आता हत्यारांशिवाय बाहेर पडायची मला सवय नाही, म्हणून मोठ्या बॅगेत मी माझी मोगरी, काही लोखंडी मेखा आणि दोराची एक भरभक्कम गुंडी घेतली होती. इथल्या विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने बॅग उघडली आणि दोर, मेखा, मोगरी अशी एकेक वस्तू टेबलावर मांडत माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणांनी समजावलं. आधी भाचीची उंची दाखवली, मग गळ्याभोवती हार घालून दाखवला, मग दोर ओढून दाखवला, आणि शेवटी मोगरी मारून दाखवली. त्याने ताबडतोब आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाला मी तेच पुन्हा जरा जोरात करून दाखवलं. बाहेर पोर वाट बघून कंटाळली, तेव्हा तिला आत आणलं, आणि तिने काय सांगितलं देव जाणे, पण साहेब हसला आणि त्याने मोगरी हातात घेऊन तिचं वजन बघितलं. कामाची वस्तू कुठल्याही माणसाला हातात घ्यावीशी वाटतेच. इथपर्यंत मी कुणाचीही प्रशंसा करायची नाही असं ठरवलं होतं, पण हा साहेब बरा माणूस होता, हे नमूद करतो.

पोरीची खोली एका लाँड्रीच्या डोक्यावर आहे. खालच्या वाफेने तिची फरशी कायम कोमट असते, आणि रस्त्यावरच्या खिडकीला दिवसभर घाम फुटलेला असतो. रुग्णालयाच्या औषधभांडारात तिचं काम चालतं. मी जाऊन बघून आलो. छतापर्यंत खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी, आणि मधोमध आपली ठेंगणी पोर शिडीवर उभी राहून मोठ्यामोठ्या डॉक्टरांना "थांबा" म्हणते आणि ते थांबतात. (हा आवाज कुणाचा, हे तुला सांगायला नको.) त्याच रुग्णालयात मुलाची आई बाळंतिणींच्या विभागात परिचारिका आहे. पोर एकदा तापाने फणफणली होती तेव्हा या बाईने तिला आपल्या घरी नेऊन निजवलं, आणि तिथे पोरीने मुलगा पाहिला. तेव्हा चूक कुणाची म्हणशील, तर तापाची.

मुलाचं चष्म्यांचं दुकान आहे. अरुंद, लांबट, दोन्ही भिंतींवर चष्मेच चष्मे. आत शिरलं की शंभर माणसं एकदम आपल्याकडे बघतायत असं वाटतं. मुलगा इतका उंच आहे की दारातून येताना मान झुकवतो. मी त्याचं नाव "बांबू" ठेवलं आहे. पोरीने ते त्याला सांगितलं आणि तो खूश झाला, कारण तिने त्याला असंही सांगितलं की मामांच्या धंद्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सकाळभर खोट शोधत होतो. म्हाताऱ्या बायका येत होत्या. त्यांना चष्मा घालून बघायचा असला की हा एवढा लांबलचक माणूस जमिनीवर गुडघे टेकतो, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. एका आजीबाईंनी सगळे चष्मे लावून बघितले आणि आपला जुनाच बरा म्हणून निघाल्या. त्याने तो जुना घेतला, पुसला, त्याचा ढिला स्क्रू आवळून दिला, आणि दारापर्यंत सोडायला गेला. मी मनात म्हटलं, नाटकी असणार. म्हणून निघताना त्याच्या खांद्यावर हळूच टिचकी मारून बघितली. आवाज भरीव आला, ताई.

घरही बघून झालं. मुलाचे वडील बस चालवतात, बोलत जवळजवळ नाहीत. सबंध दिवस माणसं चढवून उतरवून आलेला माणूस घरी आल्यावर कशाला बोलेल? स्वयंपाकघरातल्या टेबलाला आम्ही सगळे बसलो. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. मला वाटलं, सापडली! पण तेवढ्यात वडिलांनी खाली वाकून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि माझ्याकडे बघून असे ओशाळले, की मीच ओशाळलो. चहा झाला. मग विहीणबाई (होणाऱ्या, किंवा न होणाऱ्या, तो अधिकार तुझा) आपल्या जाड, सावकाश आवाजात म्हणाल्या, की आता सगळे मिळून समुद्रावर जाऊ आणि तंबूत मुक्काम करू. मी पोरीला हळूच विचारलं, "का गं? पाहुण्यांना निजवायला खोली नाही का यांच्याकडे?" ती म्हणाली, "आहे मामा. पण त्या म्हणतात, घरात चहा पिण्यापुरतं सगळेच शहाणे वागतात. माणूस कळायचा तर त्याच्याबरोबर उघड्यावर राहावं." म्हणजे बघ ताई, तू मला त्यांची परीक्षा घ्यायला धाडलंस, आणि इथे त्या बाईने माझाच पेपर काढून ठेवला होता.

पण तंबू म्हटल्यावर माझी छाती फुगली. सगळ्या पृथ्वीवर मला ज्या एका विषयात कुणी काही शिकवू शकत नाही, नेमका तोच विषय! मी दोराची गुंडी काखोटीला मारली आणि निघालो.

समुद्र मोठा आहे. त्याविषयी जास्त लिहीत नाही, तो सगळीकडे सारखाच असावा. किनाऱ्यावर वरच्या अंगाला गवताचे उंचवटे होते, मग भुसभुशीत वाळू, मग वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले असा सगळा केरकचरा एका लांबच्या लांब ओळीत पडलेला, आणि त्या ओळीच्या खाली अशी सुंदर जागा, अशी सुंदर जागा, काय सांगू! सपाट, घट्ट, चोपून काढल्यासारखी, एक काडी नाही की कागद नाही. जणू कुणीतरी नुकतंच झाडून, पाणी मारून ठेवलंय. मांडव घालायला अशी जमीन मिळावी म्हणून मी आयुष्यभर गावोगावच्या यजमानांशी भांडलो, आणि इथे ती फुकट पडून होती. आणि ही मंडळी काय करत होती? वर, त्या खड्ड्याखड्ड्यांच्या भुसभुशीत वाळूत आपले फुगेरी तंबू फुलवत होती. लवचिक काड्यांचे तंबू. काडी वाकवली की तंबू उभा! त्याला ना खड्डा, ना मेख, ना ताण. मी हसलो नाही, पण हसू आवरायला मला शिंकल्याचं सोंग करावं लागलं.

मला दिलेला तंबू मी उचलला, ओळीखालच्या त्या झाडलेल्या जागेत नेला, आणि कामाला लागलो. पोर धावत आली, म्हणाली, "मामा, इथे नको." मी म्हटलं, "तू औषधं सांभाळ." ती पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात विहीणबाईंनी वरून तिला हाक मारली आणि ती गेली. मग मी काम दाखवलं, ताई! काड्या बाजूला टाकल्या. वाहत आलेल्या लाकडांतून दोन चांगले खांब निवडले, खड्डे घेतले, चारी बाजूंना मेखा ठोकल्या (इथेच अंगठा), दोर ताणले, आणि दार समुद्राकडे ठेवलं, म्हणजे वारा खेळता राहील. बोटाने दोर छेडला तर तंबोऱ्यासारखा वाजला. बस चालवणारे व्याही शेजारी येऊन उभे राहिले आणि एकटक बघत होते. मी त्यांना मराठीत समजावून सांगत होतो, ते त्यांच्या भाषेत हुंकार देत होते, आणि आमचं उत्तम जमलं. एकाच गोष्टीत गोडी असलेल्या माणसांना भाषेवाचून अडत नाही.

मग जे झालं ते वाचताना कृपा करून हसू नकोस. वर त्या मंडळींची काहीतरी कुजबुज झाली. आणि बघतो तर काय, विहीणबाईंनी आपला तंबू उचलला, बांबूने आपला उचलला, व्याह्यांनी पोरीचा उचलला, आणि ती सगळी वरात खाली येऊन माझ्या डाव्या-उजव्या हाताला ओळीने लागली! माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं धंदा केला, पण परक्या मुलखात माझी एक जागा बघून अख्ख्या घराने आपलं बिऱ्हाड उठवून माझ्या पंक्तीला यावं, असा मान मला कुणी दिला नव्हता. मी प्रत्येकाच्या दाराच्या दोऱ्या तपासल्या. दोन ठिकाणी गाठी सोडून पुन्हा मारल्या. विहीणबाईंनी दोन्ही हात जोडून आभार मानले, आणि मला वाटतं त्या वेळी त्यांची हनुवटी जराशी थरथरत होती. ती भावनेने थरथरतेय अशी माझी समजूत झाली.

इथे सूर्याला मावळायची घाई नसते. चांगलं लख्ख ऊन होतं, चुलीवर बटाटे भाजत होते, आणि मी दगडावर बसून व्याह्यांना निरगाठ आणि सुरगाठ यातला फरक करून दाखवत होतो, इतक्यात पायाला गार लागलं. खाली बघितलं तर एक लाट येऊन माझ्या चपला हुंगून गेली होती. मी म्हटलं, चुकून आली असेल. पुढची लाट चपलाच घेऊन गेली. त्यापुढची चुलीत शिरली आणि फस्सकन धूर झाला. आणि मग कुणाची वाट न बघता समुद्र अगदी सहज, घरचंच माणूस असल्यासारखा, समोर ठेवलेल्या दारातून माझ्या तंबूत गेला. दार त्याच्याकडे मीच करून ठेवलं होतं. ताई, ती जागा झाडून कुणी ठेवली असेल याचा विचार मी केला होता. पण झाडणारा संध्याकाळी परत येईल, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पाणी गुडघ्याच्या वर काही गेलं नाही, तेव्हा घाबरू नकोस. पण गोंधळ काय सांगू! बाकीच्यांचे तंबू काडीचे, ते उचलले की चालले. माझा मात्र जागचा हलेना, कारण मेखा मी स्वतः ठोकल्या होत्या. लाटेने तंबूचं पोट फुगत होतं, आणि मी कमरेत वाकून एकेक मेख उपटत होतो (इथे उसण). तेवढ्यात एका लाटेने माझ्या नाकावरचा चष्मा नेला. त्यानंतरचं मला अंधुकच दिसलं, पण दिसलं ते असं : बांबूच्या हातात त्याचा स्वतःचा अंथरूण-पांघरुणाचा गठ्ठा होता, कोरडा. माझं "चष्मा! चष्मा!" ऐकून त्याने तो गठ्ठा सोडून दिला, भर पाण्यात, आणि हातापायांवर रांगत फेसात चाचपडायला लागला. गठ्ठा तरंगत गेला. विहीणबाई पाण्यात ठाण मांडून उभ्या होत्या आणि बाळंतिणीला धीर देतात त्या आवाजात सगळ्यांना हुकूम देत होत्या. मला वाटतं मलाही त्या "आता जोर लावा" असंच काहीतरी म्हणत होत्या. व्याही माझ्या पलीकडच्या मेखेशी झगडत होते. आणि ही सगळी माणसं, ताई, हसत होती! मला नव्हे. नुसती हसत होती. पोर तर इतकी हसत होती की तिला पाण्यातच बसावं लागलं. तिला असं हसताना मी ती परकर घालून तुमच्या अंगणात पळायची तेव्हा शेवटचं पाहिलं होतं. बांबूने चष्मा शोधून काढला, शर्टाच्या कोरड्या कोपऱ्याला पुसला (कोपरा त्याला कुठे मिळाला कोण जाणे), आणि भर लाटांत गुडघे टेकून माझ्या नाकावर चढवला.

वर कोरड्या वाळूत येऊन बघतो तर सगळे तंबू चिंब. कापडं तेवढी दणकट होती. इथे मात्र मी पुन्हा माणसात आलो. चारी तंबूंची कापडं सोडवून घेतली, काठाला काठ लावून दोराने शिवली, खांब उभे केले, आणि सगळ्यांना मावेल असं एकच मोठं छत घातलं. मधला खांब आखूड पडत होता, म्हणून दुसरा सापडेपर्यंत बांबूला मधोमध उभा केला. तो हात वर करून बराच वेळ खांब होऊन राहिला आणि एकदाही "किती वेळ" म्हणाला नाही. व्याह्यांनी सुरगाठी मारल्या. पहिली चुकली, पुढच्या सगळ्या बरोबर. वारा चांगला सुटला होता, पण छताची झालरसुद्धा हलली नाही. उरलेसुरले बटाटे खारट लागत होते. त्याच एका छताखाली, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वासात, आम्ही सगळे ओळीने आडवे झालो, आणि मला अशी झोप लागली की घोरण्याबद्दल सकाळी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

सकाळी पोर चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली. मी ऐटीत म्हटलं, "बाकी काही म्हण, यांना समुद्राची काही माहिती नाही. मी परका, माझं सोड. पण माझं बघून सगळे खाली आले!" तिने माझ्या पेल्यात चहा ओतला. मग म्हणाली, "मामा, त्यांना माहीत होतं. लहानपणापासून इथे येतात ते. त्या शेवाळाच्या ओळीपर्यंत पाणी येतं हे पोरासोरांनाही कळतं." मी म्हटलं, "मग बोलले का नाहीत?" ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगायला आले होते ना? तेव्हा यांच्या आईने मला मागे बोलावलं. म्हणाल्या, ते इतक्या लांबून स्वतःचे दोर घेऊन आलेत, किती मन लावून बांधतायत बघ. नको थांबवूस. पाणी काय, नुसतं भिजवतं. पण एकटे भिजले तर त्यांची फजिती होईल. सगळेच भिजलो तर मजा होईल. चला, आपण खाली जाऊ."

ताई, मी चहाचा पेला खाली ठेवला. माझ्या धंद्यात मी पाहुण्यांना पंगतीत मान देणारे यजमान बघितले, हत्तीवरून साखर वाटणारे बघितले. पण पाहुण्याला लाज वाटू नये म्हणून आपली चांगली कोरडी अंथरुणं उचलून जाणूनबुजून समुद्रात नेऊन मांडणारं घर मी पाहिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी यायची वाटही बघितली. तो आला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी समुद्राचंच उरलेलं आहे असं पोरीला सांगितलं.

खोट म्हणशील, तर शोधली. बांबू गातो, आणि बेसूर गातो. व्याही चहात इतकी साखर घालतात की चमचा उभा राहील. विहीणबाई पत्ते खेळताना फसवतात, आणि पकडलं की तेवढ्याच मोठ्याने हसतात. यापलीकडे माझ्या पक्क्या नजरेला काही दिसलं नाही. निर्णय अर्थात तुझा. तू आई आहेस, मी नुसता मामा. मी जे पाहिलं ते लिहिलं. पदरचं काही घातलेलं नाही, वाळू सोडल्यास.

भाऊजींना सांग, त्यांनी मागवलेली नखं कापायची कात्री घेतली आहे. आमच्या हिला माझ्या अंगठ्याविषयी काही बोलू नकोस. तुझ्या रागाला लांबूनच नमस्कार आणि तुझ्या मायेला धाकट्याचा.

तुझाच,
(अजून पूर्ण न वाळलेला) धाकटा

ता. क. वर "निर्णय अर्थात तुझा" असं लिहिलंय ते शोभेसाठी आहे. त्याच सकाळी, तोंडात अर्धा पाव असताना, मी तुझ्या वतीने होकार देऊन टाकला. तू नकार द्यायला पाठवलं होतंस, मला पुरतं आठवत होतं. घरी आलो की काय वाजवायची ती वाजव, पण दिलेला शब्द आता माघारी घेता येत नाही.

आणखी ता. क. पत्र वाचून झाल्यावर ते पोरीने लिहवून घेतलं असेल असं तुझ्या मनात येईल. तसं नाही. ती आत्ता समोरच बसली आहे. मी तिला विचारलं, "तुझा नमस्कार लिहू का?" ती म्हणाली, "नको मामा, आईला आवडणार नाही." म्हणून लिहीत नाही.

शेवटचा ता. क. एक गोष्ट लिहू की नको करता करता राहिली. होकार झाल्यावर विहीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला : मुलीची आई का नाही आली? ताई, पोर खाली मान घालून वाळूत रेघोट्या ओढायला लागली. मग मी म्हटलं, आमच्याकडे मांडववाला नेहमी आधी येतो. तो जागा बघतो, खांब रोवतो, आणि सगळं नीट झालं की मग मुलीची आई येते. ती येतेच, तिच्यावाचून पुढचं काहीच सुरू होत नाही. हे त्यांच्या भाषेत सांगायचं काम पोरीकडेच होतं. तिने मांडववाल्याचं सांगितलं, जागेचं सांगितलं, खांबांचंही सांगितलं. "मग मुलीची आई" एवढं म्हणाली, आणि पुढे तिला सांगता येईना. विहीणबाई अजून त्या वाक्याच्या शेवटाची वाट बघतायत. तू ये.